वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड घराजवळच्या ओल्या कुरणात लावता येईल का?

प्रश्न: कुरणकाठ (मूरहेड, मिनेसोटा)

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटाच्या पश्चिम सीमेवर, मूरहेड शहराच्या बाहेर राहते. आमच्या घरामागे सात-आठ एकर जमीन आहे. तिचा निम्म्याहून अधिक भाग आधीच्या मालकांनी कधीच नांगरला नाही, कारण वसंतात बर्फ वितळल्यावर तिथल्या सखल पट्ट्यात पाणी साचते आणि ते जूनपर्यंत पूर्ण निचरत नाही. तिथे बिग ब्लूस्टेम गवत आहे, लव्हाळ्यांच्या दोन-तीन जाती आहेत, आणि उन्हाळ्यात अनेक रानफुले येतात. कडेकडेने मात्र लीफी स्पर्ज नावाचे पिवळ्या फुलांचे तण शिरू लागले आहे.

गेल्या जुलैमध्ये नॉर्थ डकोटातील शेयेन राष्ट्रीय गवताळ क्षेत्रात आम्ही वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड फुललेले पाहिले. गुडघ्याच्या वर जाणारा दांडा, त्यावर मलईच्या रंगाची पंधरा-वीस मोठी फुले, आणि प्रत्येक फुलाच्या ओठाच्या कडा बारीक कातरलेल्या झालरीसारख्या. हे फूल याच भागातील मूळ रहिवासी असल्याचे कळल्यापासून ते आपल्या कुरणात असावे असे मला मनापासून वाटते.

माझी जमीन या ऑर्किडला मानवेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. एका संकेतस्थळावर ‘प्रेअरी ऑर्किड’ या नावाने कंद विकले जात आहेत. ते घ्यावेत का? कुंडीत वाढवून नंतर जमिनीत लावण्याची काही रीत आहे का? साताऱ्याला माझे मोठे बंधू असतात. त्यांना ऑर्किडचा फार नाद आहे आणि एखादे रोप त्यांच्याकडे पाठवता येईल का, असे तेही विचारत आहेत.

उत्तर: गवतवाट (सेंट पॉल, मिनेसोटा)

कुरणकाठ ताई, प्रथम कंदांविषयी सांगतो, कारण त्यात घाई होण्याची शक्यता आहे. कृपया ते कंद घेऊ नका. प्लॅटँथेरा प्रीक्लारा (हे या ऑर्किडचे शास्त्रीय नाव) ही जाती १९८९ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार ‘संकटग्रस्त’ सूचीत आहे, मिनेसोटा राज्याच्या सूचीतही ती आहे, आणि रानातून काढलेले कंद परवान्याशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणे बेकायदेशीर आहे. असे कंद एकतर दुसऱ्याच कुठल्या तरी वनस्पतीचे असतात, नाहीतर कुणीतरी उरल्यासुरल्या कुरणातून उपटून आणलेले असतात. यातला दुसरा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो, कारण उपटलेला कंद बहुधा जगत नाही आणि ज्या कुरणातून तो काढला तिथलेही एक झाड कायमचे जाते.

तो का जगत नाही, हे समजून घेतले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. या ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखे सूक्ष्म बी हजारोंच्या संख्येने असते, पण त्या बियांत अन्नाचा साठा जवळपास नसतो. बी जमिनीत रुजते ते विशिष्ट सूक्ष्म बुरशीच्या मदतीने. बुरशीचे तंतू बियांत शिरतात, आणि तो कोवळा गर्भ त्या तंतूंकडून अन्न घेत, हिरवे पान न काढता, जमिनीखालीच वाढत राहतो. पुढे पान फुटले, कंद धरला, तरी मुळांचा बुरशीशी असलेला संबंध सुटत नाही. बी पडल्यापासून पहिले फूल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. तुम्ही कंद उचलता तेव्हा हा सगळा संसार मागे राहतो. कुंडीतील विकतच्या मातीत तो उभा राहत नाही, आणि म्हणूनच हौशी बागकामात या जातीला स्थान मिळालेले नाही. प्रयोगशाळेत काही महिने थंड व ओलसर अवस्थेत ठेवलेले बी योग्य बुरशीबरोबर पेरून रोपे तयार करण्यात संशोधकांना यश आले आहे, पण रोप तयार होणे आणि ते रानात टिकून फुलणे यांत बरेच अंतर आहे.

आता तुमच्या जमिनीविषयी. ही ऑर्किड मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील उंच गवताच्या प्रेअरीतील आहे. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस, मिझुरी आणि कॅनडातील मॅनिटोबा या प्रांतात ती आज आढळते. तिच्या सर्वांत मोठ्या वसाहती मात्र उत्तरेकडे, म्हणजे रेड नदीच्या खोऱ्याच्या आसपास आहेत, आणि याला भूगर्भातील कारण आहे. हिमयुगाच्या अखेरीस इथे अगासिझ नावाचे प्रचंड सरोवर होते. त्याच्या काठावर वाळू-खड्यांचे लांबच लांब उंचवटे तयार झाले, आणि शेयेन नदी जिथे त्या सरोवराला मिळत होती तिथे वाळूचा त्रिभुज प्रदेश साचला. शेयेन गवताळ क्षेत्रातील टेकड्या त्याच वाळूच्या आहेत. उंचवट्यांमधल्या सखल पट्ट्यांत भूजल वरच्या थराजवळ असते, जमीन ओलसर व चुनखडीयुक्त राहते, आणि तिथे गवत व लव्हाळे यांचे मिश्र कुरण तयार होते. ऑर्किड त्या पट्ट्यांतच राहते.

तुमचा पट्टा वर्णनावरून आशादायक वाटतो, पण त्याची खरी किंमत न नांगरलेपणात आहे. मिनेसोटात मूळ प्रेअरीपैकी जेमतेम एक-दोन टक्के उरली आहे. नांगर फिरला की हजारो वर्षांत घडलेली मुळांची आणि बुरशीची जाळी तुटते, आणि नंतर कितीही बी पेरले तरी ती जमीन पूर्ववत होण्यास अनेक पिढ्या लागतात. तेव्हा ऑर्किड आधीपासून तिथे असण्याची शक्यताही नाकारू नका. या झाडाचा दांडा दरवर्षी मरतो. शेजारी नवा कंद तयार होतो आणि पुढच्या वर्षीचा कोंब त्या नव्या कंदावर बसतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जमीन कोरडी पडली तर पुढच्या वर्षी तो कोंब दुबळा निघतो, फक्त एक-दोन पाने येतात, किंवा झाड जमिनीवर दिसतच नाही. फुले नसतील तर गवतात ते पान ओळखणे फार कठीण असते. ओल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, तो सखल पट्टा सावकाश पायी पाहा. काही आढळल्यास छायाचित्र काढून राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला कळवा, आणि नेमकी जागा सार्वजनिक ठिकाणी लिहू नका.

भारतात रोप पाठवण्याचा विचार मात्र सोडूनच द्यावा. सर्व ऑर्किड ‘साइटीज’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात येतात, त्यामुळे परवान्यांशिवाय ती सीमेपलीकडे नेता येत नाहीत. कागदपत्रे मिळाली असती तरी ज्या कंदाला दरवर्षी गोठलेल्या जमिनीत पाच महिने विश्रांती घ्यायची सवय आहे, तो साताऱ्याच्या हवेत तग धरणार नाही.

उत्तर: रातराणी (शिकागो परिसर, इलिनॉय)

गवतवाट यांनी जमिनीखालची बाजू उत्तम सांगितली आहे. मला जमिनीवरच्या बाजूविषयी सांगावेसे वाटते, कारण आमच्याकडे हिच्या बहिणीसाठी, म्हणजे ईस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किडसाठी (प्लॅटँथेरा ल्यूकोफेया), मी उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून काम करते. १९८६ पर्यंत या दोन्ही एकच जाती मानल्या जात. त्या वर्षी चार्ल्स शेव्हियाक आणि मार्लिन बोल्स यांनी पश्चिमेकडील झाडांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. पश्चिमेकडील फूल आकाराने मोठे असते, पण दोन जाती वेगळ्या ठेवणारी खरी गोष्ट परागीभवनाशी निगडित आहे.

दोन्ही फुले संध्याकाळनंतर गंध सोडतात आणि दोन्हींना मोठे स्फिंक्स पतंग लागतात. फुलामागे एक लांब मधुनळी असते. पश्चिमेकडील जातीत ती साधारण ४ ते ५ सेंटिमीटर भरते आणि मध तिच्या तळाशी असतो, त्यामुळे लांब सोंडेचा पतंगच तिथवर पोहोचू शकतो. पतंग सोंड आत घालतो तेव्हा परागांचे चिकट पुंज त्याला चिकटतात. पूर्वेकडील जातीत ते सोंडेला चिकटतात, तर पश्चिमेकडील जातीत फुलाचा मधला खांब रुंद असल्याने ते थेट पतंगाच्या डोळ्यांवर बसतात. पतंग दुसऱ्या फुलावर गेला की तेच पुंज तिथल्या कुक्षीला लागतात. या दोन बहिणींचे पराग एकमेकींत मिसळू नयेत याची इतकी नेमकी व्यवस्था पाहिली की मी दरवर्षी नव्याने थक्क होते.

अडचण अशी की पतंग कमी झाले आहेत आणि झाडांच्या वसाहती लहान व एकमेकींपासून दूर पडल्या आहेत. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण इथल्या सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरीपैकी चांगल्या अवस्थेतील अस्सल प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपासच शिल्लक आहे. म्हणून केंद्रीय वन्यजीव विभागाच्या देखरेखीखाली आमच्या भागात हाताने परागीभवन केले जाते. दात कोरण्याच्या काडीच्या टोकावर एका झाडाचे परागपुंज उचलायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात कुक्षीवर टेकवायचे. दिसायला हे सोपे आहे, पण दोन्ही झाडे एकमेकांपासून पुरेशी दूर आहेत ना, एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला तर दिला जात नाही ना, याची काटेकोर नोंद ठेवावी लागते, कारण जवळच्या नात्यातून झालेले बी दुबळे निघते. झाडे मोजणे, हरणांनी दांडे खाऊ नयेत म्हणून जाळीचे पिंजरे बसवणे, आणि शरदात पिकलेल्या बोंडांतील थोडे बी ठरलेल्या पुनर्स्थापित कुरणांत पसरवणे हीही कामे असतात. ही सगळी कामे परवान्याखाली होतात, आणि वैयक्तिक उत्साहाने कुणी ती करू नयेत.

तुम्ही एकट्याने करण्यासारखे काही असेल तर ते पतंगांसाठी आहे. पश्चिमेकडील ऑर्किडवर येणाऱ्या पतंगांपैकी अ‍ॅकेमॉन स्फिंक्सच्या अळ्या रानद्राक्ष आणि व्हर्जिनिया क्रीपरवर वाढतात, तर वाइल्ड चेरी स्फिंक्सच्या अळ्यांना रानआलुबुखार आणि चेरी लागते. कुरणाच्या कडेची अशी झुडपे राहू द्या, कीटकनाशके फवारू नका, आणि जून-जुलैमध्ये घराबाहेरचे प्रखर दिवे रात्री बंद ठेवा.

उत्तर: सडा-पठार (सातारा)

साताऱ्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक आहे. आपल्या बंधूंना कृपया सांगावे की या ऑर्किडचे नातलग त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. कासच्या पठारावर पावसाळ्यात हबेनारिया या प्रजातीच्या अनेक जाती फुलतात. हबेनारिया आणि प्लॅटँथेरा या एकाच गणातील, इतक्या जवळच्या, की पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील पूर्वेकडील प्रेअरी ऑर्किडला हबेनारिया ल्यूकोफेया असेच नाव दिले होते. आषाढाच्या सुमारास जमिनीलगत पान पसरून पांढरे फूल काढणारी हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस पाहिली की फुलामागची तीच मधुनळी आणि ओठाचे तेच तीन भाग दिसतात.

बंधूंना झाडावरच्या ऑर्किडची सवय असावी असे मी गृहीत धरतो, कारण आपल्याकडे हौशी लोक बहुधा त्याच वाढवतात. सीतेची वेणी फांदीवर बांधून जगवता येते. जमिनीवरील कंदवर्गीय ऑर्किडचे गणित वेगळे आहे. आपल्या पठारांवर त्या हिवाळा व उन्हाळ्याच्या कोरड्या काळात कंदरूपाने झोपतात, आणि प्रेअरीत बर्फाखाली झोपतात. कारण निराळे असले तरी झोपेची गरज दोन्हीकडे सारखीच असून, ती झोप मोडली की कंद कुजतो. त्यात आपल्याकडे कंद खणण्याची जुनी समस्या आहे. आयुर्वेदातील अष्टवर्ग या आठ औषधी वनस्पतींच्या गटातील ऋद्धी आणि वृद्धी म्हणून हल्ली ज्या वनस्पती वापरल्या जातात, त्या हिमालयातील याच गटातील ऑर्किड आहेत, आणि औषधांसाठी त्यांचे कंद काढले गेल्याने त्या अनेक ठिकाणी दुर्मीळ झाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या कुरणाच्या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. कासला कुंपण घालून गुरांची चराई थांबवली गेली, तेव्हा त्यामुळे फुलांचे भले होते की उंच गवत माजून लहान वनस्पती दबतात, यावर इथे बरेच वाद झाले. गुरे वर्षानुवर्षे चरत आलेल्या पठाराला एकाएकी हात न लावता सोडून देणे हा संरक्षणाचा मार्ग आहे, असे माझे मत कधीच नव्हते. प्रेअरीतही पूर्वी अमेरिकी गवे (बायसन) आणि वणवे होते. तिथे आज त्यांची जागा कशाने भरून काढतात, हे जाणकारांनी सांगावे.

कुरणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कंद घेणार नाही, आणि बंधूंना सरांचा निरोप कळवला आहे. ते येत्या पावसाळ्यात कासला जाणार आहेत. आता माझा प्रश्न बदलला आहे. आमचे शेजारी दर जुलैमध्ये माझ्या कुरणातील गवत कापून त्यांच्या गुरांसाठी नेतात. ते थांबवावे का? सरांनी विचारल्याप्रमाणे जाळण्याविषयीही ऐकायला आवडेल. लीफी स्पर्जचे काय करावे हे समजत नाही, आणि कायदेशीरपणे लावता येईल अशी एखादी तरी स्थानिक ऑर्किड आहे का?

उत्तर: गवतवाट

जुलैमधील कापणी अवश्य थांबवा, निदान सखल पट्ट्यात तरी. ऑर्किडचे बोंड पिकून बी उडायला ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर उजाडतो. जुलैमध्ये कापले तर फुले तर जातातच, शिवाय हिरवा दांडा जाऊन नव्या कंदाला मिळणारे अन्नही तुटते. शेजाऱ्यांना उशिरा, म्हणजे बी पडून गेल्यावर, आणि तेही दरवर्षी वेगळा भाग कापू द्यावा. गवताचा दर्जा तोवर उतरलेला असतो, त्यामुळे त्यांना ते पसंत पडणार नाही, हे आधी मोकळेपणाने बोलून घेतलेले बरे.

गवे गेले आणि वणवे विझवले जाऊ लागले, म्हणून इथे नियंत्रित जाळणी केली जाते. काहीच न केल्यास जुन्या गवताचा थर साचतो, विलो आणि अ‍ॅस्पेनची झुडपे आत शिरतात, आणि ऑर्किडच्या कोंबाला उजेड मिळत नाही. जाळणी वसंताच्या सुरुवातीला, कोंब वर येण्यापूर्वी करावी, आणि संपूर्ण कुरण एकाच वर्षी जाळू नये, म्हणजे गवतात हिवाळा काढणाऱ्या कीटकांना आसरा राहतो. रातराणी यांनी सांगितलेली आलुबुखाराची झुडपे बांधाच्या कडेला राहू द्यावीत, याच्याशी मी सहमत आहे. ओल्या पट्ट्यात मात्र ती येऊ लागल्यास काढावीत. जाळणीसाठी परवाना आणि प्रशिक्षित माणसे लागतात. राज्याचा ‘नेटिव्ह प्रेअरी बँक’ नावाचा कार्यक्रम आहे, त्यात जमीन मालकाकडेच राहते आणि कुरण कायमस्वरूपी राखण्याचा करार होतो. त्याची चौकशी करा, कारण तिथली माणसे तुमच्या कुरणात येऊन पाहणीही करतील आणि जाळणीचे वेळापत्रकही ठरवून देतील.

लीफी स्पर्ज हा शेयेनमधील ऑर्किडचाही मोठा शत्रू आहे. त्याची मुळे कित्येक मीटर खोल जातात, त्यामुळे उपटून तो संपत नाही. फक्त या तणावर जगणारे अफ्थोना जातीचे छोटे भुंगे सोडून त्याला आवर घालण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी यशस्वी झाला आहे. भुंगे कोरड्या, उघड्या जागी चांगले काम करतात आणि ओल्या पट्ट्यात कमी पडतात, म्हणून तुमच्या कडेच्या तणासाठी ते योग्य वाटतात. तणनाशक वापरावेच लागले तर सरसकट फवारू नका. ऑर्किड सुकून गेल्यावर, शरदात, फक्त तणाच्या पुंजक्यांवर आणि जिल्ह्याच्या तण-निरीक्षकाच्या सल्ल्याने ते वापरावे. या तणाच्या नियंत्रणासाठी युरोपातून आणलेला स्पर्ज हॉक मॉथ नावाचा पतंग शेयेनमध्ये या ऑर्किडचे परागपुंज वाहून नेताना आढळला आहे. तण हटवताना त्या पतंगाचे अन्नही हटते, हा गुंता तिथल्या व्यवस्थापकांपुढे खरोखरच आहे, पण तुमच्या कुरणात तण पसरू देण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

लावण्यासाठी यलो लेडीज स्लिपर घ्या. प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली तिची रोपे काही रोपवाटिका विकतात, आणि ती सोसणारी वनस्पती आहे. रोप ‘बियांपासून, प्रयोगशाळेत वाढवलेले’ असल्याचे लेखी घ्या, कारण रानातून काढलेली लेडीज स्लिपर्सही बाजारात येतात. आपल्या राज्याचे फूल असलेली शोई लेडीज स्लिपरही अशीच मिळते, पण बियांपासून फुलेपर्यंत तिला १६ वर्षे लागू शकतात, तेव्हा वयाने मोठे रोप घेणे बरे. दोन्हींची लागवड घराजवळच्या वाफ्यात करा, कुरणात नको. लेडीज स्लिपरच्या मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात आडव्या पसरतात. त्या आडव्याच ठेवाव्यात, कोंब मातीच्या जेमतेम खाली राहील असे पाहावे, दुपारच्या उन्हापासून थोडा आडोसा द्यावा आणि खत घालू नये. पाणी पावसाचे साठवलेले असल्यास उत्तम. लागवडीसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध चांगला, जमीन गोठण्यापूर्वी मुळ्यांना बसायला वेळ मिळतो.